बिनविरोध गावात एक अर्ज

रोम का बुडालं, या प्रश्नाचं उत्तर आमच्या मुखेडच्या कॉलेजात अकरावीची पोरं एका दमात द्यायची. चैन वाढली, सैन्य सुस्तावलं, बाहेरून टोळ्या आल्या, बुडालं. गाइडात तसंच छापलेलं होतं आणि तेवढं लिहिलं की पूर्ण गुण मिळत. मी तिथं इतिहास शिकवायची आणि हे उत्तर तपासताना दर वर्षी माझं डोकं फिरायचं. टोळ्या वेशीवर आल्या तेव्हा बुडायला राजवाडे आणि हमामखाने तेवढे उरले होते. ज्याला प्रजासत्ताक म्हणायचं ते त्याच्या कितीतरी शतकं आधीच गेलं होतं. ते कुणी लुटून नेलं नव्हतं. लोकांनी आपल्या हातानं देऊन टाकलं होतं, वर टाळ्याही वाजवल्या होत्या.

मी पोरांना गाइड मिटायला लावायची आणि गोष्ट सांगायची. रोमवर संकट आलं की ते लोक एका माणसाच्या हाती सगळा कारभार देत, पण सहा महिन्यांपुरता. एकदा असंच शेतात नांगर धरलेल्या माणसाला बोलावून आणलं. त्यानं लढाई जिंकली, अधिकार परत केले आणि घरी जाऊन पुन्हा नांगर धरला. इथवर पोरं खूश असत. मग मी पुढचं सांगे. काही शतकांनी एक असा आला की त्याच्या अधिकाराला मुदतच नव्हती. त्यानंतरच्यानं ती तहहयात करून घेतली. आणि त्याच्यामागून आला तो सगळ्यांत हुशार. त्यानं सगळं हातात घेतलं, पण दारावरची एकही पाटी बदलली नाही. सिनेट बसत होतं, पदं होती, निवडणुकांचा दिवस पाळला जात होता. त्याच्या वारसानं निवडणुकाही लोकांकडून काढून सिनेटकडे दिल्या, तेव्हा लोक आपसांत थोडं कुरकुरले आणि घरी गेले. धान्य फुकट मिळत होतं, खेळ फुकट बघायला मिळत होते, मग भांडायचं कशाला?

पोरं विचारायची, मॅडम, हे परीक्षेला येतंय का? येत नव्हतं. तरी मी शिकवत राहिले. संध्याकाळच्या एस.टी.नं मी जळकोटच्या पलीकडच्या माझ्या गावी परत यायची, तेव्हा खिडकीतून जे दिसायचं ते मला रोमपेक्षा फार वेगळं वाटत नसे. लोक म्हणायचे, बाई जरा तापट आहेत. आहेच मी तापट.

तेव्हा लातूर जिल्हा नवानवा झालेला होता. आमचं गाव उदगीर तालुक्यातलं. जिल्ह्याच्या कामाला आधी उस्मानाबादला जावं लागायचं, म्हणजे एक मुक्काम ठरलेलाच. नवा जिल्हा झाला आणि सगळ्यांना वाटलं, सरकार अंगणात आलं. ढोल वाजले, कमानी उभ्या राहिल्या, भाषणं झाली. सोय झाली हे खरंच. पण एक गोष्ट मला दिसत होती आणि ती मी बोलून दाखवली की लोक हसत. साहेब लांब असतो तेव्हा त्याच्यापुढं सगळं गाव सारखंच बापुडं असतं. साहेब जवळ आला, की ज्याला साहेबाच्या केबिनमध्ये चहा मिळतो तो गावात एकदम मोठा होतो. आमच्या गावात असा माणूस एकच होता, आमचे सरपंच.

त्यांना मी खलनायक करणार नाही, कारण ते तसे नव्हते. धिप्पाड, कामाला वाघ, बोलणं गोड. नव्या जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, विहिरींचे तळ दिसायला लागले. तेव्हा आजूबाजूच्या गावांच्या आधी आमच्याकडं टँकर आला, तो यांच्यामुळं. रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं, तेही यांनीच आणलं. त्या वर्षी ग्रामसभा घ्यायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, आधी पाणी, सभा मागनं. कुणाला ते वावगं वाटलं नाही, मला सुद्धा नाही. टँकर कुठं रिकामा करायचा, कामावर कोणाला घ्यायचं, सगळं ते एकटेच ठरवू लागले आणि भराभर ठरवू लागले. पुढच्या वर्षी पाऊस पुन्हा हुलकावणी देऊन गेला. सभा झालीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सभा घ्यायची असते हेच लोक विसरून गेले.

मग पंचायतीची मुदत संपली आणि निवडणूक लागली.

आमच्या भागात बिनविरोध निवडणुकीचा मोठा तोरा असतो. ज्या गावात मतपेटी येत नाही ते गाव शहाणं, ज्या गावात येते ते भांडकुदळ, असं सगळेच मानतात. पुढारी अशा गावाचा सत्कार करतात. आमच्या गावचे जाणते मारुतीच्या पारावर बसले आणि त्यांनी ठरवलं, दुष्काळात निवडणूक म्हणजे पैशाची नासाडी आणि घराघरांत वैर. आहेत तेच सरपंच राहू द्या, आहेत तेच पंच राहू द्या. प्रत्येक वॉर्डात एकच अर्ज. पारावर आमच्या बौद्धवाड्यातलं कुणी नव्हतं. पारावर आम्ही बसत नव्हतो, आणि गावाचे निर्णय पारावरच होत. आमचे कारभारी म्हणजे वस्तीतले वडीलधारे गृहस्थ, शांत आणि सगळ्यांचं ऐकून घेणारे. त्यांना बोलावून खाली उभं केलं आणि निर्णय सांगितला. ते येऊन आम्हाला सांगून गेले.

माझी माय तेव्हा चुलीपुढं बसली होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती हमीच्या कामावर जायची आणि माझा पगार घरात असताना कशाला जातेस म्हटलं, की माझ्यावरच डाफरायची. कारभाऱ्यांचं बोलणं तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मी मत कधी टाकायचं? ते म्हणाले, औंदा मत न्हाई. ती म्हणाली, न्हाई म्हंजे?

तिचा राग मला नंतर नीट कळला. लग्न होऊन ती या गावात आली, त्यानंतर काही वर्षांनी निजामाचं राज्य गेलं आणि पहिलं मतदान आलं. ज्यांच्या अंगावर आपली सावली पडू न देता चालायचं, अशा घरातला एक माणूस तेव्हा आमच्या वस्तीत आला. दारात उभा राहिला, हात जोडले आणि आजीला सुनेचं नाव विचारून घेऊन मायला नावानं हाक मारली. तोवर गावात तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती, मारली ती जातीनं. पुढं दर मतदानाला कुणी ना कुणी येत राहिलं. मत संपलं की त्यांचं येणं संपायचं, ते तिला माहीत होतं. तरी तो दिवस तिला हवा असायचा.

मला रोम आठवलं. तिथं निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूनं पांढरे केलेले कपडे घालून बाजारात फिरायचा, फाटक्या माणसाचा हात हातात घेऊन त्याला नावानं हाक मारायचा. नावं लक्षात राहत नसत म्हणून बरोबर एक गुलाम ठेवायचा. नाटकच होतं ते. पण ज्या वर्षी निवडणुका लोकांकडून गेल्या, त्या वर्षापासून त्या फाटक्या माणसाचा हात धरायला कुणी आलं नाही.

मी उभी राहिले असते तर कॉलेजच्या संस्थेनं मला घरी बसवलं असतं. म्हणून मी मायला म्हटलं, तू उभी राहा. ती माझ्याकडं बघून हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग म्हणाली, अंगठा चालतो का अर्जावर?

चालत होता. आमचा वॉर्ड म्हणजे बौद्धवाडा आणि देवळामागच्या दोन गल्ल्या. त्या गल्ल्यांत सरपंचांची भावकी राहायची, म्हणून ते स्वतः त्याच वॉर्डातून उभे असत. अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता आणि गावानं त्या दिवसाचीही वाट बघितली नव्हती. गाव बिनविरोध झालं म्हणून सकाळीच गुलाल उधळला, सरपंचांना हार घातले, बेंडबाजा आणला. आम्ही दोघी उदगीरची एस.टी. पकडायला निघालो तेव्हा मिरवणूक वेशीत होती. कुणीतरी मायच्या अंगावरही गुलाल टाकला. सरपंच हसून म्हणाले, बाजाराला का? माय म्हणाली, हाव, तालुक्याला. गुलाल अंगावर घेऊनच ती तहसिलात गेली. तिथला कारकून म्हणाला, आजी, निकाल लागायच्या आधीच गुलाल? ती म्हणाली, आमच्या गावात असंच हाय.

दुसऱ्या दिवशी बातमी गावात पोचली. बाकी सगळ्या वॉर्डांत एकेक अर्ज, एकट्या आमच्या वॉर्डात दोन. एका अंगठ्यानं गावाचा सत्कार हुकला, पेटी येणार होती, आणि हार घातलेल्या माणसाला आता मत मागायला लागणार होतं. माघार घ्यायची मुदत अजून बाकी होती. सरपंचांनी निरोप पाठवला, चावडीवर येऊन भेटा. मायनं उलट निरोप पाठवला, काम तुमचं असंल तर तुमी या.

आणि टँकर बंद झाला.

बंद म्हणजे गावाला येणं बंद नव्हतं. आधी तो वस्तीच्या वळणावरच्या हौदात थोडं पाणी सोडून मग गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. आता तो थेट विहिरीवर जाऊ लागला. पाणी सगळ्यांसाठीच आहे, विहिरीवर येऊन घ्या, असं सरपंच म्हणाले. ऐकायला किती न्यायाचं! पण ती विहीर कायद्यानं सगळ्यांची असली, तरी तिच्या दोराला आमच्या बायांनी हात लावायचा नाही हा रिवाज गावानं सोडलेला नव्हता. आमच्या बायांनी घागर घेऊन खाली पायरीशी थांबायचं. वरच्या गल्लीतल्या बाया आपलं भरून झालं की वरून आमच्या घागरीत पाणी ओतणार. त्यांची मर्जी असेल तेव्हा.

मी संतापले. आता दोर ओढायचाच, काय व्हायचं ते होऊ दे, असं मी मायला म्हटलं. तिनं माझा दंड धरला.

"एका येळेला एकच भांडन," ती म्हणाली. "दोरावर भांडलीस तर समदे म्हनतील, बगा, पानी बाटवाया उभ्या राहिल्यात. मग मताचं कुनी बोलनार न्हाई."

मला ते पटलं नाही आणि आजही पूर्ण पटत नाही. पण अर्ज तिचा होता. मी गप्प बसले आणि सुट्टी टाकून बायांबरोबर पायरीशी थांबू लागले. तिथं मी एक गोष्ट बघितली. टँकर विहिरीत रिकामा झाला की त्याचं पाणी तळाशी, दोर लांब, ऊन डोक्यावर. वरच्या गल्लीतल्या बाया आधी आपल्या घरचं ओढायच्या, मग खाली आमची ही रांग. आधी हौदामुळं त्यांच्यावर हे काम नव्हतं. आता अख्ख्या बौद्धवाड्याचं पाणी त्यांनाच ओढायला लागत होतं, कारण आम्हाला दोर धरू द्यायचा नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी तोऱ्यात ओतलं. पुढं पुढं त्यांच्या तळहाताला फोड आले. एक तरणी सून पदर कमरेला खोचून दोर ओढता ओढता मोठ्यानंच म्हणाली, "भांडन बाप्यांचं अन् मरन आमचं." तिची सासू तिला गप्प बस म्हणाली, पण हळू आवाजात, आणि स्वतःचा हातही चोळत होती.

आमच्या वस्तीतही कुरकुर सुरू झाली. लेकरांना आंघोळ नाही, म्हाताऱ्यांना रात्री प्यायला घोटभर नाही. एकेक जण येऊन दारात उभा राहायचा आणि मायच्या कानाशी लागायचा. कारभारी येऊन गेले. माझ्या तोंडून सारखं रोम ऐकलेली शेजारची चुलती तर मलाच धरून बोलली. "तुझ्या त्या रोममदी पानी येतंय का बग, मग आमी तिकडं जाताव रहायाला," असं म्हणाली. वस्तीतल्या पोरांनी ते उचललं आणि मी दिसले की विचारायची, रोमची एस.टी. किती वाजता हाय? मला हसूही यायचं आणि रडूही. चुलतीचं चुकत नव्हतं. तिच्या घरात तान्हं लेकरू होतं.

शेवटी मायनं निरोप दिला, विहारात बसा. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याचं शेड, आत मूर्ती आणि सतरंजी. सगळी वस्ती आली. माय बोलायला उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, पदराचं टोक पिळत ती बोलत होती.

"तुमी म्हनलात तर मी उद्या जाऊन अर्ज मागं घेते," ती म्हणाली. "पर असं एकेकानं येऊन कानात सांगू नका. हितं बसा अन् हात वर करा. ज्याला वाटतंय मी मागं घ्यावा, त्यानं समद्यांपुढं हात वर करावा."

पत्र्याखाली गरमी होती. मग चुलतीनं हात वर केला. सरळ, उंच, मायच्या डोळ्याला डोळा देऊन. तिच्यामागून आणखी काही हात वर आले. पण बाकीचे हात खालीच राहिले. कारभाऱ्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, जणू ते आपोआप वर जातील याची त्यांना भीती वाटत होती. मायनं चुलतीला सगळ्यांपुढं म्हटलं, बाई, तू बरं केलंस, तोंडावर सांगितलंस. चुलती म्हणाली, मी हात वर केला, पर आता ठरलं ते ठरलं, माझं मत तुलाच हाय.

कितीतरी वर्षांनी आमच्या गावात सभा झाली होती. पारावर नाही आणि चावडीवर नाही, आमच्या पत्र्याखाली झाली. रोमचे लोक निवडणुका गेल्या तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यात कुरकुरले. त्यांनी असं एकत्र बसून एकमेकांच्या तोंडाकडं बघत हात वर करायला हवे होते. पुढं काय झालं असतं कोण जाणे, पण घरी जाण्याआधी एवढं तरी करायला हवं होतं. हे मी पुढं दर वर्षी वर्गात सांगितलं आणि मला कुणाची भीडभाड वाटली नाही.

माघारीच्या आदल्या संध्याकाळी सरपंच आले. एकटे नव्हते, बरोबर दोन माणसं होती. पण त्यांना वळणावर ठेवून ते आमच्या दारापर्यंत एकटे आले. मायनं बाज टाकली, ते बसले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि तिला आक्का म्हटलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. त्यांनी बरंच समजावलं. गावाची इज्जत, दुष्काळ, जिल्ह्याचे साहेब काय म्हणतील, वैर कशाला वाढवायचं. मग आवाज खाली आणून म्हणाले, उद्या अर्ज मागे घ्या, परवापासून टँकर आधी हौदावर येईल. आणि दुसऱ्या वॉर्डातल्या एकाला अर्ज मागे घ्यायला लावून जागा रिकामी ठेवतो, पोटनिवडणुकीत तुम्हाला पंच म्हणून बिनविरोध घेऊ. मत नको, प्रचार नको, हरायची भीती नको.

ही ऑफर वाईट नव्हती, हे मला मान्य केलंच पाहिजे. पाणी आणि पंचायतीत जागा, दोन्ही एकदम. वस्तीला विचारलं असतं तर बहुतेकांनी घे म्हटलं असतं. मी स्वतः क्षणभर तिच्याकडं बघितलं. रोममध्येही असंच झालं होतं. जे विरोध करू शकले असते त्यांना सिनेटात चांगल्या जागा दिल्या, आणि ते तिथं आयुष्यभर गप्प बसले.

माय उभीच होती. तिचा हात दाराच्या चौकटीवर होता.

"मालक, टँकर सरकारचा हाय," ती म्हणाली. "अन् तुमी दिलेली जागा उद्या तुमीच काडून घ्याल. मला मतानं यायचंय. पडले तर पडले."

सरपंच म्हणाले, ठीक हाय आक्का, मग निदान तुमचं एक मत तरी मला टाका. ते त्यांनी चेष्टेत म्हटलं होतं. पण हात अजून जोडलेलेच होते. माय म्हणाली, बघते. ते गेल्यावर ती मटकन बाजेवर बसली. मग तिला एवढं हसू आलं, की चुलती शेजारून धावत आली, काय झालं म्हणून.

प्रचाराला आम्हाला चिन्ह मिळालं छत्री. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि आमची निशाणी छत्री. गावाला करमणूक झाली. पारावरची पोरं ओरडायची, छत्री आली, आता पाऊस पडतोय. मायनंही त्याचाच प्रचार केला. एक जुनी काळी छत्री उघडून ती भर उन्हात देवळामागच्या गल्ल्यांतून फिरली. ज्या दारांत तिला आयुष्यात कुणी उभं केलं नव्हतं त्या दारांत उंबऱ्याबाहेर थांबून ती म्हणायची, मत मागाया आले. काही दारं तोंडावर बंद झाली. काही जणींनी उघड्या दारातून नुसतं बघितलं. कुणी हो म्हटलं नाही. आणि सरपंच आमच्या वस्तीत दररोज यायला लागले. प्रत्येक दारात, हात जोडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना नावानं हाक मारत. टँकरही पुन्हा हौदावर यायला लागला. कारण उघडच होतं, तहानलेल्या माणसाकडं मत मागता येत नाही. वस्तीला मिळालेलं ते पाणी कुणाच्या उपकाराचं नव्हतं. ते आम्ही पेटी आणली म्हणून आलं.

मतदान झालं. तहसिलात मोजणी झाली आणि माय पडली.

चांगल्या फरकानं पडली. पुन्हा गुलाल उधळला, पुन्हा बाजा वाजला, या खेपेला रीतसर. आम्ही दोघी एस.टी.ची वाट बघत उदगीरच्या स्टँडवर बसलो होतो. मला रडू फुटलं. माय मला पाणी दे म्हणाली आणि निवांत शेंगा सोलत बसली. तेवढ्यात कारभारी आले. मोजणीला आमच्या बाजूनं तेच आत बसले होते. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं आणखी काही वाईट झालं. ते मायच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, आक्का, छत्रीला मतं वस्तीपेक्षा जास्त हायत. वस्तीतली सगळी माणसं मोजली, आजारी धरून, परगावी गेलेले धरून, तरी जास्त. म्हणजे देवळामागच्या गल्ल्यांतून आली.

सरपंचांच्या भावकीतून. कोणाची, ते कळायला मार्ग नव्हता. मतपत्रिकेवर नाव नसतं. मला आठवत होते ते दोरावर सोललेले तळहात, पण तो माझा अंदाज झाला. मी त्या सुनेला कधी विचारलं नाही आणि तिनं मला कधी सांगितलं नाही.

सरपंच सरपंच झाले. पण ते निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक नवल बघायला लागलो. रस्त्यानं जाताना ते पूर्वी दुसऱ्याच्या रामरामाची वाट बघत, मान किंचित हलवत. आता ते स्वतःच आधी रामराम घालायला लागले. भावाला, चुलतभावाला, सालगड्याला, विहिरीवरच्या बायांना, आमच्या वस्तीतल्या पोरासोरांना, सगळ्यांना. घालता घालता प्रत्येकाच्या तोंडाकडं नीट बघत. त्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न असायचा, आणि गावात त्याचं उत्तर कुणी देत नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यांनी ग्रामसभेची दवंडी पिटवली. टँकरची वेळ सभेत ठरली.

ते आता थकलेत. परवा जळकोटच्या स्टँडवर भेटले. मला बघताच दुरून आधी त्यांनीच हात जोडले. मग जवळ येऊन, इकडंतिकडं बघून, इतक्या वर्षांनी हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा, आमच्यातली कुनाची मतं होती ती?"

मी म्हटलं, माहीत असतं तरी सांगितलं नसतं.